बुडबुड्यांची सोनोग्राफी

माझ्या हातात चिठ्ठी पडली तेव्हा तिच्यावर एकच ओळ होती: यकृताची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. साधी सोनोग्राफी सगळ्यांना माहीत असते. सीटी स्कॅनबद्दल तर रिक्षावालासुद्धा सल्ला देतो. पण ही मधलीच कुठली तपासणी, तिच्यात काय टोचतात, ते अंगात राहतं का, बाहेर कसं पडतं, हे मराठीत धडपणे सांगणारा एक कागद मला सोलापुरात मिळाला नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. ज्या गोष्टीचं पत्रक निघत नाही ती कुणीतरी लोकांपासून लपवून ठेवली आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. म्हणून हा कागद मीच लिहिते. मी डॉक्टर नाही. माझ्या अंगावर जे झालं आणि त्या वेळी मला जे समजावलं गेलं, तेवढंच सांगेन.

डाग

मी सव्वीस वर्षांची आहे. नवी पेठेतल्या एका छापखान्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीची कार्डं, आणि कामाचे तास संपले की मी ज्या कार्यकर्त्यांच्या गटात आहे त्या गटाची पत्रकं. सात रस्त्याजवळ एका खोलीत एकटी राहते.

उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा वाटलं, कागदाची रिमं उचलून लचक भरली असेल. महिनाभर बाम चोळला. मग ताप आला, आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. सोनोग्राफी करणारे डॉक्टर बोलके होते. पत्रिकांचा कागद हल्ली किती पातळ झालाय, यावर ते बोलत होते. बोलता बोलता थांबले. पोटावरचं यंत्र पुढे गेलं होतं ते मागे आलं, पुन्हा त्याच जागी आलं, दाबलं.

"घरात कुणाला लिव्हरचा त्रास?"

"वडलांना होता."

"आता कसे आहेत?"

"नाहीत."

त्यानंतर ते कागदाबद्दल काही बोलले नाहीत. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की यकृताच्या उजव्या भागात जवळपास तीन सेंटिमीटरचा डाग आहे, त्याचं स्वरूप स्पष्ट नाही, पुढील तपासणी करावी. मी रोज दुसऱ्यांचे कागद तपासते. त्या कागदात मला एकही चूक सापडली नाही.

कुणाला का नाही सांगितलं

आमचं गाव माळशिरस तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. अण्णा सभांमधून ती गठ्ठ्याने आणत. पुढच्या बाजूला मजकूर असे, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला माझ्या आडनावाच्या आधी वाचता यायला लागले.

तीन वर्षांपूर्वी अण्णा लिव्हरच्या कॅन्सरने गेले. आयुष्यात एक थेंब दारू न पिता गेले. तरी दहाव्याला आलेली माणसं अंगणात कुजबुजत होती, "पीत असनार की, त्याबिगर हुतंय व्हय?"

पण सांगायची गोष्ट ती नाही. सांगायची गोष्ट अशी की अण्णांचा रिपोर्ट आला तेव्हा माझ्या मोठ्या भावाने, दादाने, ठरवलं की आईला कळू द्यायचं नाही, आणि मी मान हलवली. आईला आम्ही कावीळ सांगितली. ती चार महिने काविळीचं पथ्य करत राहिली. उसाचा रस आणत होती, फोडणी बंद केली होती, कुठल्या कुठल्या गावाहून झाडपाला आणत होती. अण्णांचे डोळे रोज सकाळी उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "आज जरा कमी हाय." तिला खरं कळलं ते शेवटच्या दोन दिवसांत, तेसुद्धा वॉर्डातल्या मावशींकडून.

गावभर सत्य वाटत फिरणारी मी, घरात हे केलं. त्यानंतर त्या घरात ‘लिव्हर’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. आता तोच शब्द मी कोणत्या तोंडाने नेणार होते? आधी नक्की काय ते कळू दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं. दादाही तेव्हा असंच म्हणाला होता.

सगळी डाय एक नसते

आधी सीटी स्कॅन ठरला होता. त्यात शिरेतून जी डाय देतात तिच्यात आयोडिन असतं. ती आत गेली आणि दोन मिनिटांत माझ्या छातीवर गांध्या उठल्या, गळा आवळल्यासारखा झाला. त्यांनी लगेच थांबवून इंजेक्शनं दिली. तासाभरात उतरलं. पण तपासणी अर्धी राहिली.

मला पाठवणाऱ्या डॉक्टरांनी मग ही चिठ्ठी लिहिली. शहरात एक डॉक्टर मॅडम आहेत, त्या हे करतात, म्हणाले. एमआरआयही करता आला असता, पण आधी हे करून बघू, यातून उत्तर मिळालं तर पुढचं लागणारच नाही. मी विचारलं, "परत डायच ना?" ते म्हणाले, "नाव तेच म्हणतात लोक, पण ही वस्तू वेगळी. आयोडिन नाही. तरी आधी काय झालं होतं ते तिथे आवर्जून सांगा." हे वाक्य मी तुम्हालाही सांगते. कुठल्याही डायची, औषधाची पूर्वी रिअ‍ॅक्शन आली असेल तर ती सगळीकडे, प्रत्येकाला सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

बाकावरची मी

वेळ ठरवायला मी त्या सेंटरवर गेले. भिंतीवर, काउंटरवर, दारावर, सगळीकडे एकच पाटी: येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. बाकावर सगळ्या गरोदर बाया, त्यांच्या सासवा, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की माणसाच्या डोक्यात एकच येतं. मला ते माहीत होतं, पण त्या बाकावर बसेपर्यंत ते माझ्या अंगाला लागलं नव्हतं.

"अगं शुभे, तू हितं?"

गावाकडच्या आमच्या गल्लीतल्या मंगलकाकू. सुनेला घेऊन आल्या होत्या.

"तपासणीला आलेय."

"कसली गं?"

"पोटाची."

तिथे मी थांबले. पुढचा शब्द लिव्हर होता, आणि काकूंच्या तोंडून तो दुसऱ्या दिवशी आईपर्यंत पोचला असता. काकूंनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. गळा मोकळा होता. "बरं बरं," त्या म्हणाल्या, "जप हो." आणि सुनेला उठवून पलीकडच्या बाकावर घेऊन गेल्या.

काउंटरवर सांगितलं की त्या तपासणीचं औषध मागवून घ्यावं लागतं, पुढच्या मंगळवारी सहा तास उपाशी पोटी या. संध्याकाळी दादाचा फोन आला.

"शुभे, कोन हाय त्यो?"

"कोण?"

"मला येड्यात काढू नगंस. मंगलकाकूनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय तुला."

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण दोनच महिन्यांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं होतं, बाईच्या पोटाची चौकशी गावाने करू नये, असं. अख्खं पत्रक माझ्या घशाशी आलं.

"आणि असलं तरी? तुला विचारून करायचं होतं का?"

मग तो म्हणाला, "आईला काय सांगू?"

"तुझी आई आहे, तू बघ."

फोन बंद झाला. तेव्हा मला फार ताठ उभं राहिल्यासारखं वाटलं. आज प्रामाणिकपणे लिहिते: त्यात तत्त्व निम्मं होतं. निम्मी सोय होती. पोटात पोर आहे असं वाटलं तर लिव्हर कुणाच्या मनातही येणार नव्हतं.

आई मला रोज जेवण झालं की फोन करायची. त्या दिवसापासून तिचा फोन बंद झाला.

मंगळवारपर्यंत

या दिवसांबद्दल कुणी सांगत नाही. तपासणी अर्ध्या तासाची असते. त्याआधीचा आठवडा तुम्हालाच काढावा लागतो.

मी कामावर जात होते. हसत होते. आमच्या गटातल्या कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांनी सरकारी रुग्णालयात ही तपासणी का नाही, यावर सभा घेतली असती. सभा घ्यायलाच हवी आहे, पण मला तेव्हा सभा नको होती. मला कुणीतरी शेजारी बसून भाकरी खायला हवं होतं. मी खोलीवर शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायचे, आणि ती मोडताना इतका आवाज व्हायचा की मी ती पाण्यात भिजवून खायला लागले.

एका दुपारी श्रद्धांजलीचं कार्ड करायला घेतलं. आमच्याकडे ते तयारच असतं: मध्ये लंबगोल जागा, खाली नाव, खाली ‘शोकाकुल’. गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं होतं. मी त्या जागेवर माझं नाव टाईप केलं. अक्षर कोणतं चांगलं दिसतं ते बघितलं. ‘शोकाकुल’च्या खाली काय लिहायचं ते सुचेना. मग सगळं पुसलं आणि त्यांच्या आजोबांचं नाव घातलं.

ज्यांना वाट बघायची आहे त्यांना एवढंच सांगते: इंटरनेटवर शोधू नका, असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही शोधणारच. मीही शोधलं. त्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतली. वाईट डाग औषध आल्यावर आधी उजळतो आणि मग काळा पडतो. बाकीचं सगळं विसरले. काळा पडतो, हे राहिलं.

फोन नंबरचा रकाना

मंगळवारी सकाळी सिस्टरांनी फॉर्म पुढे केला. विजयालक्ष्मी सिस्टर. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या असाव्यात, मधूनच फोनवर तेलुगूत बोलत होत्या.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"नवरा? भाऊ? मैत्रीण तरी?"

मी याचीच वाट पाहत होते. रिक्षात बसून मी हे बोलणं मनात रचलं होतं. मी सज्ञान आहे. माझ्या शरीरावर काय करायचं याची संमती मीच देणार. बाईच्या कागदावर पुरुषाची सही मागायची ही कुठली पद्धत? मी दोन-तीन मिनिटं तरी बोलले असेन. बाकावरच्या बाया ऐकत होत्या, एक जण तर मान डोलवत होती. सिस्टर पेनाचं टोपण उघडून शांत उभ्या होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "सही तुमचीच घ्यायलोय की मॅडम. हा रकाना फोन नंबरचा आहे. आत तुम्हाला काही झालं तर मी कुणाला कळवू?"

मी पेन हातात घेतलं. माझ्या मोबाईलमध्ये शेकडो नंबर आहेत. पत्रक तयार झालं की पाच मिनिटांत मी ते त्या सगळ्यांना पाठवते. त्यातला एकही मला लिहिता येईना. यातलं कुणी येईल का, याहीपेक्षा, हे कळल्यावर कुणाला खरंच काही होईल, असा नंबर कोणता? दादाचे पहिले चार आकडे लिहिले आणि खोडले. शेवटी आईचा लिहिला. तो एकच नंबर मला पाठ आहे. कशाला लावतायत, असं मनाशी म्हटलं.

मला माहीत नव्हतं की लोक खोटे नंबर लिहितात म्हणून या सेंटरमध्ये प्रत्येक नंबर एक रिंग देऊन तपासतात.

टेबलावर

आत थंडी होती. डाव्या हाताच्या शिरेत सुई बसवली. दुखलं ते तेवढंच. शेजारच्या ट्रेमध्ये दोन-तीन इंजेक्शनं भरून ठेवलेली दिसली.

"ती कशाला?"

"तुमचा गळा आवळला होता ना सीटीच्या वेळी?" डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लागणार नाहीत बहुतेक. पण ती बाहेर असली की मला बरं वाटतं."

त्यांनी सिरिंज दाखवली. आत दुधासारखं पांढरं, अगदी चमचाभरसुद्धा नाही. "यात गॅसचे बुडबुडे आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. रक्ताबरोबर फिरतील आणि डागात रक्त कसं शिरतं, कसं राहतं, ते आपल्याला दाखवतील. मग श्वासावाटे गॅस निघून जाईल."

"किती दिवसांनी?"

"दिवस? पंधरा-वीस मिनिटांत."

मी डाव्या कुशीवर थोडी वळून झोपले होते आणि मान वाकडी केली की पडदा दिसत होता. निम्मा पडदा नेहमीसारखा करडा, निम्मा काळा. सिस्टरांनी औषध सोडलं, मागून सलाईन सोडलं. कोपऱ्यात सेकंद पळायला लागले. काहीच झालं नाही. अंग गरम झालं नाही, गळा आवळला नाही. मी गिळून बघितलं, परत गिळून बघितलं. मग काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ पेटली. मग दुसरी. मग सगळं यकृत हळूहळू उजळत गेलं आणि मध्ये डाग तेवढा काळा राहिला.

"श्वास घ्या. धरा. सोडा."

डागाच्या कडेला ठिपके आले. एक, दोन, चार. ते आत सरकायला लागले. मॅडमचा चेहरा मला दिसत नव्हता, हात दिसत होता, आणि मी त्या हातावरून काही कळतं का ते बघत होते. मिनिट झालं. दोन झाली. डाग भरत होता आणि मी त्याच्या काळं पडण्याची वाट बघत होते. एखाद्या माणसाला इतकं एकटं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. त्या खोलीत तीन बायका होत्या, आणि त्या पडद्यावरच्या तीन सेंटिमीटरपाशी मी एकटी उभी होते. अण्णा अशाच कुठल्यातरी टेबलावर पडले असतील तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये दादाशी आईला काय सांगायचं ते ठरवत होते. त्यांनी त्या वेळी कशाकडे पाहिलं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पाच मिनिटांनी मॅडमनी यंत्र उचललं.

"काळा नाही पडला," मी म्हणाले.

"वाचून आलात होय?" त्या हसल्या. "नाही पडला. पडणारही नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे हा, हिमँजिओमा. बहुधा जन्मापासूनच असेल. कॅन्सर नाही."

"नक्की?"

"जसं दिसायला हवं अगदी तसं दिसलं. सहा महिन्यांनी साधी सोनोग्राफी करू, आकार तेवढाच आहे ना बघायला. आणि दुखतंय ते याच्यामुळे नाही. कागदाची रिमं उचलता म्हणालात ना, ते बंद करा."

मी रडले नाही. पोटावरचं जेल पुसायला कागद मागितला.

तुम्हाला म्हणून

मला जे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहिते. यात एक्स-रेचे किरण नसतात. सीटीच्या डायआधी मूत्रपिंडासाठी रक्त तपासतात, तसं यात सहसा लागत नाही, कारण हे औषध त्या वाटेने जातच नाही. पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, नुकताच झटका येऊन गेला असेल, पोटात बाळ असेल किंवा त्याची शक्यता असेल, तर आधी सांगा. कुणी विचित्र नजरेने बघेल म्हणून हे शेवटचं लपवू नका. या औषधाचीही रिअ‍ॅक्शन क्वचित येते, म्हणून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. कंटाळून उठून जाऊ नका. काहींना थोडं डोकं दुखतं, तोंडाची चव बदलते, असं सिस्टर म्हणाल्या. मला काही झालं नाही. उपाशी यायचं की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, विचारून घ्या.

श्वास धरायचा सराव घरी करून जा. हसू नका, मी केला नव्हता आणि पहिल्या दोन वेळा चुकले.

आणि हेही: ही तपासणी एका वेळी एका डागाकडे नीट बघते. सगळं पोट एका झटक्यात दाखवणं हे तिचं काम नाही. प्रत्येकाला माझ्यासारखं स्वच्छ उत्तर मिळेलच असंही नाही. काहींना पुढे एमआरआय किंवा सुईची तपासणी लागते. तसं झालं म्हणजे वाईटच निघालं, असं नव्हे. फॉर्मवरच्या नंबरवर कुणाला, काय सांगणार, हे मात्र सही करण्याआधी स्पष्ट विचारा. मी इतकं बोलले, पण नेमकं हेच विचारलं नाही.

सतरा मिस्ड कॉल

बाहेर अर्धा तास बसले तेव्हा पिशवीतून मोबाईल काढला. आईचे सतरा मिस्ड कॉल. मी सिस्टरांकडे पाहिलं.

"नंबर चेक करायला एक रिंग दिली होती, त्यावर त्यांचाच परत फोन आला," त्या म्हणाल्या. "लई घाबरलेल्या होत्या. मी सांगितलं, काही घाबरू नका, लिव्हरची तपासणी चालू आहे म्हणून."

"कुणाला विचारून सांगितलंत? हे माझं होतं. सांगायचं की नाही ते मी ठरवणार होते."

"मग काय सांगायचं होतं? राँग नंबर?"

मी बरोबर होते. आजही मी बरोबर आहे; रुग्णाला न विचारता कुणालाही काही सांगू नये. पण तेव्हा वाद तिथेच सोडला. मी आईला फोन लावला. मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

"आई, अगं काही नाही झालेलं. आत्ताच कळलं. सगळं चांगलं आहे. येऊ नको तू."

"आसंच म्हनला हुतासा," आई म्हणाली. "कावीळ हाय म्हनला हुतासा."

आणि तिने फोन ठेवला.

स्टँडवर

माळशिरसची गाडी यायला दुपार झाली. आई उतरली ती रिकाम्या हाताने. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे कधी रिकाम्या हाताने आली नव्हती. मला बघितल्याबरोबर तिने माझ्या खालच्या पापण्या अंगठ्याने ओढल्या आणि माझं तोंड उन्हाकडे वळवलं. माणसं बघत होती.

"पिवळं न्हाय," ती म्हणाली.

"नाहीच आहे आई. कावीळ नाही, काही नाही."

"कुटं हाय त्यो डाग?"

मी जागा दाखवली. तिने भर स्टँडवर माझ्या कुडत्यावरून तिथे तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दादा म्हनला, तुजं असं असं हाय. आठ दिस मी तुज्याशी बोलले न्हाय. लई राग आला हुता." ती खाली बघत होती. "आनि आज त्या बाईनं लिव्हर म्हनलं. गाडीत बसले नि देवाला म्हनलं, पोर असंल तर असू दे. कुनाचंबी असू दे, मी सांबाळीन. पर ते नको."

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे या विषयावर चार पानं तयार होती. मी म्हणाले, "चहा घेतेस?"

"मला त्या डाक्टरकडं ने."

"मी सांगितलं ना तुला..."

"तू सांगू नगंस. तेनी सांगू दे."

परत लावा

डॉक्टर मॅडम संध्याकाळच्या पेशंटांना बसल्या होत्या. मी आत जाऊन सांगितलं की आईचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, आणि त्याचं कारणही सांगितलं. अगदी थोडक्यात. त्यांनी संगणकावर सकाळच्या तपासणीचं माझं रेकॉर्डिंग काढलं आणि आईला खुर्ची दिली. आई बसली नाही.

"हा बघा मावशी, हा डाग. आत्ता काळा आहे कारण औषध पोचायचंय. हे आलं. आता कडेनं भरायला लागला, दिसतंय?"

"व्हय."

"वाईट असता तर भरून परत काळा पडला असता. हा पडत नाही. शेवटपर्यंत बघा."

आई शेवटपर्यंत बघत राहिली. पाच मिनिटं. मॅडमनी मधलं काही पळवलं नाही. बाहेर बाकावर पेशंट होते तरी पळवलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

"न्हाय पडला," आई म्हणाली.

"नाही ना? मग झालं तर."

"परत लावा."

मॅडमनी परत लावलं. त्यानंतर तिसऱ्यांदा लावलं. आई पडद्याच्या इतक्या जवळ गेली होती की तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला होता.

"मावशी, कितीदा बघितलं तरी तेच दिसणार आहे."

"व्हय, कळतंय मला," आई म्हणाली. "पर मला बगू द्या. मागल्या खेपंला मला कुनी काय दावलंच न्हवतं."

हे ती डॉक्टरांना म्हणाली. माझ्याकडे वळली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चौथ्यांदा लावलं. मी आईच्या मागे उभी राहिले.